दॅट ठेवू की काढू?

ज्यांना ऐकायचं नाही, वाचायचंय, म्हणजे इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेली जनता, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढलेत. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच आहेत. मोठ्याने वाचून बघा, आजचा विषय कानानेच जास्त कळतो.

विषय एका मेसेजमधून आला. एका श्रोत्या मुलीने लिहिलंय, "दादा, मी ऑफिसचा मेल लिहिते तेव्हा ग्रामर तपासणारं ॲप माझ्या प्रत्येक वाक्यातला दॅट खोडायला सांगतं. दहावीला बाईंनी डायरेक्ट-इनडायरेक्ट करताना दॅट नाही घातला म्हणून अर्धा मार्क कापला होता. बरोबर कोण, बाई की ॲप?"

दोघंही. पण प्रश्न अर्ध्या मार्कापेक्षा मोठा आहे. एका दॅटमुळे कामाची जबाबदारी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर कशी जाते, ते पुढे सांगतो. त्याआधी सोपं ते पटकन उरकू.

इंग्रजीत काही छोटे शब्द ऐच्छिक असतात. घातले तरी चालतात, गाळले तरी चालतात. दॅट त्यातला सगळ्यात मोठा मासा. "आय थिंक दॅट ही इज राइट" आणि "आय थिंक ही इज राइट" यांच्या अर्थात काडीचा फरक नाही. थिंक, से, नो, होप, गेस असली रोजची क्रियापदं असली की बोलताना दॅट सहज गळतो. "आय ॲम शुअर", "आय ॲम ग्लॅड" यांच्यानंतरही गळतो. इथे ॲपचं ऐका, खुशाल काढा. "आय होप दॅट यू आर फाइन" यात चूक काही नाही, जरा इस्त्री केलेला शर्ट घालून वडापाव खायला आल्यासारखं वाटतं एवढंच.

काही ठिकाणी दॅट गाळताच येत नाही. वाक्याची सुरुवातच त्या कलमाने होत असेल तर तो हवाच: "दॅट ही केम लेट इज नॉट द प्रॉब्लेम." इथला दॅट काढून वाचा, डोकं गरगरतं. 'द फॅक्ट', 'द न्यूज', 'द पॉसिबिलिटी' अशा नामांनंतर तो ठेवलेलाच बरा. व्हिस्पर, शाउट, कम्प्लेन अशी 'कसं बोलला' किंवा 'कुठल्या सुरात बोलला' हे सांगणारी क्रियापदं असतील तरीही ठेवा. "शी व्हिस्पर्ड द मॅनेजर वॉज कमिंग" हे कानाला लंगडं लागतं.

हे झालं व्याकरणाच्या पुस्तकातलं. खरी मजा मधल्या पट्ट्यात आहे. तिथे दॅट गाळला तरी कुणी चूक म्हणत नाही, पण वाचणारा आपटतो.

आता फोनवरच्या नोटिफिकेशनचा विचार करा. मेल आला, स्क्रीनवर पहिले चार-पाच शब्दच दिसले: "द क्लायंट कन्फर्म्ड द ऑर्डर..." तुम्ही खूश. ऑर्डर कन्फर्म! ग्रुपवर अंगठा टाकून चहाला गेलात. मेल उघडल्यावर पूर्ण वाक्य दिसतं: "द क्लायंट कन्फर्म्ड द ऑर्डर वॉज कॅन्सल्ड." आली का पंचाईत? याच वाक्यात दॅट असता, "द क्लायंट कन्फर्म्ड दॅट द ऑर्डर...", तर तेवढ्यावरही कळलं असतं की अजून काहीतरी यायचंय, घाई नको.

हे फक्त स्क्रीनपुरतं नाही, डोक्यातही हेच होतं. 'कन्फर्म्ड'नंतर नाम आलं की मेंदू म्हणतो, बरं, हे कर्म दिसतंय, वाक्य संपलं. मग अचानक 'वॉज' येतो आणि मागे जाऊन सगळं पुन्हा जुळवावं लागतं. "द टेस्टर फाउंड द बग हॅड बीन फिक्स्ड" यातही तेच. टेस्टरला बग सापडला असं वाटतं, आणि निघतं उलटंच. सापडलं काय, तर बग आधीच दुरुस्त झालाय. फाउंड, कन्फर्म्ड, अंडरस्टूड, रिपोर्टेड, अक्सेप्टेड ही सगळी याच जातीची. यांच्यापुढे नुसतं नामही बसतं आणि अख्खं वाक्यही बसतं. म्हणून माझी एक घरगुती चाचणी आहे. क्रियापदानंतरच्या दोन-तीन शब्दांवर बोट ठेवून थांबा. तिथेच वाक्य पूर्ण वाटलं आणि अर्थही लागला, तर दॅट घाला. "आय थिंक द सर्व्हर" इथे थांबता येत नाही, त्यामुळे दॅटची गरज नाही. "वी फाउंड द सर्व्हर" इथे थांबता येतं, म्हणून हवा.

या चाचणीमागे आपल्या इंजिनिअर मंडळींना आवडेल असं कारण आहे. क्लॉड शॅनन या माणसाने १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडलं, ज्यावर आजचं सगळं मोबाइल-इंटरनेट उभं आहे. एखादी गोष्ट जितकी अनपेक्षित, तितकी तिच्यात माहिती जास्त, ही त्यातली एक मूळ कल्पना. आणि निरोप गोंगाटातून न्यायचा असेल तर थोडं जादा, वरवर फालतू वाटणारं सामान सोबत पाठवावं लागतं. फ्लोरियन जेगर नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये हीच कल्पना दॅटला लावून पाहिली. अमेरिकन लोकांच्या टेलिफोनवरच्या साध्या गप्पांचा साठा घेतला आणि बघितलं की माणसं दॅट कधी घालतात, कधी गाळतात. निष्कर्ष सुंदर आहे. क्रियापदानंतर पूर्ण वाक्य येणार हे जितकं अपेक्षित, तितका दॅट जास्त गळतो. जितकं अनपेक्षित, तितका जास्त घातला जातो. म्हणजे पुढे खड्डा आहे असं दिसलं की बोलणारा नकळत वेग कमी करतो. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आपल्याला मात्र ते समजून उमजून करावं लागतं, कारण आपली इंग्रजी घरून नाही, वर्गातून आलीय.

कोड लिहिणाऱ्यांना आणखी जवळचं उदाहरण देतो. जावास्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी सेमीकोलन ऐच्छिक असतो, इंजिन स्वतः घालून घेतं. वर्षभर काही होत नाही. मग एक दिवस कुणीतरी 'रिटर्न' लिहून एंटर मारतो, व्हॅल्यू पुढच्या ओळीवर जाते, आणि फंक्शन 'अनडिफाइन्ड' परत करतं. सी भाषेत 'इफ'खाली एकच ओळ असेल तर महिरपी कंस ऐच्छिक. २०१४ मध्ये ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रसिद्ध बग सापडला. 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती आणि कंस नव्हते. दुसरी ओळ 'इफ'च्या बाहेर पडली, ती दर वेळी चालायची, आणि सुरक्षित कनेक्शनची शेवटची तपासणीच वगळली जायची. कंस असते तर ती जादा ओळ बहुधा कुणाचंच वाईट करू शकली नसती. ऐच्छिक याचा अर्थ 'इथे नसला तरी चालेल', 'कुठेच नसला तरी चालेल' असा नाही.

आता वार आणि तारखा. आयटीत सगळ्यात जास्त रक्त इथे सांडतं. "द टीम टोल्ड अस ऑन फ्रायडे द सर्व्हर वुड बी मूव्ह्ड." सांगा बघू, शुक्रवारी काय झालं? शुक्रवारी सांगितलं, की शुक्रवारी सर्व्हर हलवणार? दोन्ही अर्थ लागतात. आता दॅट कुठे ठेवता ते बघा. "टोल्ड अस ऑन फ्रायडे दॅट द सर्व्हर वुड बी मूव्ह्ड": सांगितलं शुक्रवारी, हलवणार कधी ते माहीत नाही. "टोल्ड अस दॅट ऑन फ्रायडे द सर्व्हर वुड बी मूव्ह्ड": हलवणार शुक्रवारी. दॅट म्हणजे इथे शेताचा बांध आहे. बांधाच्या अलीकडचा शुक्रवार 'सांगण्या'चा, पलीकडचा 'हलवण्या'चा. अमेरिकेतल्या पत्रकारांची जी स्टाइलबुक आहे, असोसिएटेड प्रेसची, तिच्यातही सांगितलंय की क्रियापद आणि पुढचं कलम यांच्यात वेळ-वार आला तर दॅट ठेवा. आणि शंका असेल तर ठेवाच. विशेष म्हणजे हे वर्तमानपत्रवाल्यांचं मत आहे, ज्यांना एकेका शब्दाची जागा मोजावी लागते.

याच बांधाचा दुसरा प्रकार म्हणजे 'अँड दॅट'. हा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो.

समजा रात्री सिस्टीम पडली. सकाळी तुम्ही रिपोर्ट लिहिताय: "द व्हेंडर सेड दॅट द बॅकअप फेल्ड अँड वी इग्नोअर्ड द अलर्ट." बॅकअप पडला हे व्हेंडर म्हणाला, ठीक. पण 'आम्ही अलर्टकडे दुर्लक्ष केलं' हे कोण म्हणतंय? व्हेंडरचा तो आरोप आहे, की तुमची ही कबुली आहे? 'अँड'नंतर दॅट नाही, त्यामुळे वाक्य दोन्हीकडे झुकतं. वाचणारा घाईत असेल तर कबुली म्हणून वाचेल, आणि मोठ्या साहेबाला पाठवायच्या सारांशात ती कबुली म्हणूनच जाईल. "सेड दॅट द बॅकअप फेल्ड अँड दॅट वी इग्नोअर्ड द अलर्ट" लिहिलं की दोन्ही गोष्टी व्हेंडरच्या तोंडी राहतात. एक शब्द, चार अक्षरं, आणि आरोप आरोपच राहतो. ॲपला हा दुसरा दॅट हमखास खुपतो, पुनरुक्ती वाटते. खुपू दे.

आता ती जबाबदारीची गोष्ट.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. पहिलीच नोकरी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, कामाला एकदम पक्की. क्लायंटबरोबर कॉल झाला आणि तिने कॉलचा सारांश मॅनेजरला मेल केला. तिच्या डोक्यात वाक्य असं होतं: 'क्लायंट म्हणाला की मी गुरुवारपर्यंत सर्टिफिकेट पाठवतो.' मराठीत शंभर टक्के बरोबर. पाठवणार कोण? क्लायंट. कुठल्याही मराठी माणसाला यात शंका येणार नाही. तिने इंग्रजी केलं: "क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द सर्टिफिकेट बाय थर्सडे."

इंग्रजीत याचा अर्थ होतो, क्लायंटच्या म्हणण्याप्रमाणे सर्टिफिकेट ही मुलगी पाठवणार आहे. मॅनेजरने तसंच वाचलं, त्याची काय चूक? गुरुवार आला, गेला. क्लायंटने पाठवलं नाही. मॅनेजरला वाटलं, ती बघून घेईल. शुक्रवारी रात्री जुनं सर्टिफिकेट संपलं, साइट बंद, आणि शनिवारी सकाळी पंधरा लोकांच्या मेलमध्ये तिचंच वाक्य तिच्याच नावासकट खाली चिकटवलेलं. 'तूच तर लिहिलंयस की मी पाठवेन.' बिचारी सांगतेय की मी असं लिहिलंच नाही, आणि लिहिलेलं तर समोर दिसतंय. नशिबाने कॉलचं रेकॉर्डिंग होतं. ते ऐकल्यावर सगळे गप्प झाले. रेकॉर्डिंग नसतं तर त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये हे वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं असतं.

गडबड कुठे झाली ते नीट बघू. आपला 'की' आणि त्यांचा 'दॅट' हे जुळे भाऊ आहेत असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. ते जुळे नाहीत. मराठीत 'की'च्या पुढे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू शकतो. 'आई म्हणाली की मी दमले.' दमली कोण? आई. 'की' हा जवळजवळ अवतरणचिन्हासारखा चालतो. 'मी दमले असं आई म्हणाली' यातला 'असं'ही तेच करतो. इंग्रजी दॅटला हे जमत नाही. दॅट आला की पुढचं सगळं सांगणाऱ्याच्या चष्म्यातून बघायचं. 'आय' म्हणजे मेल लिहिणारा, मूळ बोलणारा नव्हे. म्हणून 'क्लायंट सेड दॅट ही वुड सेंड', किंवा त्याहून बिनधोक, सरळ नाव घालून 'रिपोर्टिंग टीम विल सेंड इट, नॉट मी'. आणि इथे दॅट गाळून सुटका नाही बरं का. "क्लायंट सेड आय विल सेंड" याचाही तोच अर्थ होतो. सर्वनामच बदलावं लागतं. बाईंनी दहावीला 'आय'चा 'ही' करायला लावला होता, तो अर्ध्या मार्काचा सराव नोकरीत असा कामाला येतो.

आपला 'की' तर बहुरूपी आहे. 'चहा की कॉफी' यात तो 'किंवा' असतो, 'आहे की!' म्हटलं की ठणकावून सांगतो. या भागाच्या नावात कुठला 'की' आहे ते तुम्हीच ओळखा.

पुढचा छोटा शब्द, 'सो'. "वी चेंज्ड द सेटिंग सो यूजर्स कुड नॉट लॉग इन." हे मुद्दाम केलं, की करायला गेलो एक आणि झालं भलतंच? 'सो दॅट' लिहिलं की हेतू समजतो: लॉगिन बंद व्हावं म्हणूनच सेटिंग बदलली. परिणाम सांगायचा असेल तर 'सो' सोडून सरळ लिहा: "वी चेंज्ड द सेटिंग. ॲज अ रिझल्ट, यूजर्स कुड नॉट लॉग इन." काही जण म्हणतील, सोच्या आधी स्वल्पविराम दिला की परिणाम कळतो. कळतो, पण फोनवर टाइप करताना स्वल्पविराम कोण देतं? आणि कॉलवर तर तो ऐकूच येत नाही.

'हू' आणि 'विच'चं थोडक्यात. "द लॅपटॉप वी बॉट" चालतं, मधला दॅट गाळला तरी. कारण लॅपटॉप हे कर्म आहे, विकत घेणारे आपण. पण तो शब्द स्वतः कर्ता असेल तर गाळता येत नाही. "द बॉय सिट्स देअर इज माय कझिन" चूक, "हू सिट्स देअर" हवं. आणि एक वाक्य गंमत म्हणून घ्या: "द क्लायंट सेंट द इनव्हॉइस कम्प्लेन्ड." व्याकरणाने हे बरोबर आहे! ज्या क्लायंटला इनव्हॉइस पाठवलं त्याने तक्रार केली. पण पहिल्या वाचनात क्लायंटनेच इनव्हॉइस पाठवलं असं वाटतं आणि शेवटचा शब्द अधांतरी लटकतो. 'हू वॉज' एवढे दोन शब्द वाचवून कुणाचा फायदा झाला?

उलटी गंमतही आहे. काही जागी हा ऐच्छिक शब्द घातला की वाक्य मोडतं. "हू डू यू थिंक केम लेट?" बरोबर. "हू डू यू थिंक दॅट केम लेट?" इंग्रजी घरात वाढलेल्या बहुतेकांच्या कानाला हे खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही. चॉम्स्की आणि लॅस्निक यांनी १९७७ मध्ये यावर लिहिलं, आणि भाषाशास्त्रज्ञ अजूनही याच्यावर भांडतात. आपण फक्त लक्षात ठेवायचं: प्रश्न कर्त्याबद्दल असेल, म्हणजे 'कोण आलं', 'काय बिघडलं', तर थिंकनंतर दॅट नाही.

दॅट सोडून एका शब्दाबद्दल बोलायलाच हवं, तो म्हणजे एक अक्षराचा 'अ'. स्टँडअपमध्ये मी रोज ऐकतो: "आय हॅव फ्यू डाउट्स." म्हणायचं असतं 'मला काही शंका आहेत'. पण 'अ' गेला की अर्थ होतो 'मला फारशा शंका नाहीत', म्हणजे जवळपास सगळं समजलंय. समोरचा परदेशी माणूस 'ग्रेट!' म्हणून कॉल संपवतो आणि आपण शंका घेऊन बसून राहतो. "आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स" म्हणा. 'लिटिल' आणि 'अ लिटिल'चंही तसंच. "देअर इज लिटिल टाइम" म्हणजे वेळ नाहीच, "अ लिटिल टाइम" म्हणजे थोडा आहे. हा 'अ' ऐच्छिक नाहीच मुळी, पण मराठीत त्याला जोडीदार नाही म्हणून आपल्याला तो ऐच्छिक वाटतो. हीच तर खरी अडचण आहे. कुठला शब्द सजावटीचा आणि कुठला भार पेलणारा, हे आपल्या भाषेच्या हिशेबाने ठरवायला गेलो की फसगत होते.

'टू'चंही एक सांगून टाकतो. "दिस विल हेल्प टू रिड्यूस द लोड" आणि "हेल्प रिड्यूस द लोड", दोन्ही चालतात. पण "दे मेड मी वेट" यात 'टू' घातला की चूक. आणि तेच वाक्य उलटवलं, "आय वॉज मेड टू वेट", की टू परत हवा. का? असंच आहे. काही गोष्टी पाढ्यांसारख्या पाठच कराव्या लागतात.

म्हणून दिसेल तिथे छोटे शब्द पेरत सुटू नका. "डिस्कस अबाउट" यातला अबाउट मराठीतून येतो, आपण 'विषयाबद्दल चर्चा' करतो ना! इंग्रजीत डिस्कसच्या पोटातच तो 'बद्दल' आहे. "रिटर्न बॅक"मधला बॅकही असाच फुकटचा. ॲपने हे खोडले तर आभार माना.

काही जण लगेच म्हणतील, पण चांगलं इंग्रजी म्हणजे कमी शब्द, अमेरिकन लोकच सांगतात. सांगतात, विल्यम स्ट्रंकच्या छोट्या पुस्तकापासून, म्हणजे १९१८ पासून सांगतायत. पण तो सल्ला अनावश्यक शब्दांबद्दल आहे, आणि आवश्यक काय ते वाचणारा कोण यावर ठरतं. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअल्ससाठी एक नियंत्रित इंग्रजी आहे, तिचं नाव एएसडी-एसटीई१००. जगभरचे मेकॅनिक ती वाचतात, आणि बऱ्याच जणांची मातृभाषा इंग्रजी नसते. तिचे नियम बघण्यासारखे आहेत. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं. एवढी काटकसर. आणि त्याच नियमावलीत म्हटलंय की वाक्य आखूड करण्यासाठी शब्द गाळू नका. वाक्य लांब होतंय? तर दोन करा. पण त्यातला 'द' किंवा 'दॅट' उपटून ते आखूड करू नका. नट ढिला राहिला तर काय होतं हे माहीत असलेल्या लोकांनी केलेला नियम आहे तो.

माझं मत विचाराल तर बोलताना दॅटची चिंताच करू नका. बोलताना आवाजाचा चढ-उतार आहे, समोरचा माणूस 'काय म्हणालास?' विचारू शकतो, तिथे गाळा बिनधास्त. मित्राच्या व्हॉट्सॲपवरही गाळा. मेल, टिकीट, रिपोर्ट, जे सहा महिन्यांनी कुणीतरी उकरून काढू शकतं, तिथे मात्र ॲपने सुचवलेलं खोडकाम एकेक करून बघा. 'ऑल ॲक्सेप्ट'चं बटण दाबू नका. विशेषतः ज्या वाक्यात कोण काय म्हणालं, कुणी काय करायचं आणि कधी, यातलं काहीही असेल तिथे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सेंट फोल्डरमधला शेवटचा असा मेल काढा, ज्यात 'सेड' किंवा 'टोल्ड' आहे. पुढचं 'आय' किंवा 'वी' नक्की कोण आहे ते तपासा. गमतीदार वाक्य सापडलं तर नावं-गावं काढून पाठवा, पुढच्या भागात वाचू. पुढचा भाग 'ओन्ली'वर आहे. तो शब्द वाक्यात सरकला की पगारवाढीच्या पत्राचा अर्थ कसा सरकतो, ते बघू. भेटूच!